वैशाखात एक आवाज, आषाढात दुसरा: एका लाकडी स्नेअरचं प्रकरण

मार्च संपता संपता माझा एक जुना विद्यार्थी ड्रमच्या क्लासवर आला. वय २६. दिवसा कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मशिनवर, रात्री ऑर्केस्ट्रात. आठ वर्षं त्यानं ऑक्टोपॅडच वाजवला. गेल्या वर्षी त्यांच्या ऑर्केस्ट्रानं जुना ड्रमसेट घेतला. त्यातला स्नेअर, म्हणजे खाली तारांची जाळी असलेला कडक आवाजाचा चपटा ड्रम, पत्र्याचा. त्याची रिम, म्हणजे वरचं कडं, वाकलेली, खालच्या तारा अर्ध्या तुटलेल्या. आता त्याला स्वतःचा स्नेअर हवा होता, आणि तो लाकडीच. २५ हजार रुपये साठवले होते. प्रश्न एकच होता, कुठल्या लाकडाचा: "सर, मेपल घेऊ का बर्च?"

हा प्रश्न मला सतत कुणी ना कुणी विचारत असतं, आणि दर वेळी मला वाटतं की सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. ड्रम कुठं वाजणार हे आधी. मग शेल, म्हणजे ड्रमचं गोल अंग, कसा बांधलाय, मग त्याची कड कशी आहे. लाकडाचं नाव त्यानंतर. या मुलाच्या खरेदीत हे सगळं एकापाठोपाठ समोर आलं, शिवाय एक गोष्ट अशी आली जी मी इतक्या वर्षांत ऐकून होतो पण हातात मोजपट्टी घेऊन कधी पाहिली नव्हती. म्हणून सविस्तर लिहितोय.

"वाजवणार कुठं?" मी विचारलं. त्यानं बोटांवर मोजलं. गणपती आणि नवरात्रात मंडळांच्या मांडवात, म्हणजे उघड्यावर आणि माईक लावून. लग्नसराईत लॉनवर. आणि वर्षातनं चार-पाच कार्यक्रम बंद सभागृहात, बहुतेक दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात. आधी त्यातले काही केशवराव भोसले नाट्यगृहात व्हायचे. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रंगमंचावर आम्ही दोघांनीही वाजवलंय. बराच वेळ बोलणं तिकडंच गेलं, आणि त्या लाकडी आतल्या बाजूमुळं तिथं काठीचा आवाज कसा गोल व्हायचा यावर आमचं लगेच एकमत झालं.

उघड्यावर माईकसमोर वाजणाऱ्या स्नेअरला पोटातला मोठा आवाज लागत नाही, तो साउंडवाला भरून देतो. त्याला टोक, म्हणजे ठोक्याची सुरुवातीची धार, लागते, आणि वाजून पटकन थांबणं लागतं. सभागृहात मागणी वेगळी. गाण्याच्या मागं नुसते कुजबुजणारे बारीक ठोके शेवटच्या रांगेपर्यंत पोचले पाहिजेत, आणि रिमशॉट, म्हणजे हेडवर (वर ताणलेल्या पडद्यावर) आणि रिमवर एकदम मारलेला ठोका, गायकाच्या अंगावर धावून जाता कामा नये. यांचा निम्मा कार्यक्रम जुनी हिंदी गाणी आणि भावगीतांचा. त्यामुळं माझ्या मते सभागृह जपणं जास्त महत्त्वाचं होतं. मांडवातली उणीव माईक झाकतो, सभागृहातली उणीव कुणी झाकत नाही.

तीन ड्रम

महिनाभरात तीन ड्रम जमले.

पहिला माझ्या क्लासमधला बर्चचा. व्यास १४ इंच, उंची साडेपाच, सहा थरांचा प्लाय, जाडी साधारण ६ मिलिमीटर, दहा लग, म्हणजे रिम ताणायचे स्क्रू ज्यात बसतात ते. तसाच नवा मागवला तर त्याच्या पैशांत कसाबसा बसत होता. दुसरा सांगलीच्या एका ज्येष्ठ वादकांचा. हात दुखतो म्हणून त्यांनी वाजवणं थांबवलंय. हा मेपलचा, तोही प्लायच, १४ बाय साडेसहा, आत वर आणि खाली लाकडी कडी. ते ९ हजारांत द्यायला तयार होते. कारण त्यांनी स्वतःच सांगितलं: "अलीकडं सुरात लागत नाही बाबा. कितीही ट्यूनिंग की फिरव, एका जागी बसकाच बोलतो." विकणारा माणूस दोष आधी सांगतो तेव्हा व्यवहार अर्धा झाल्यासारखाच असतो.

तिसरा ड्रम गंगावेशीजवळ राहणाऱ्या एका सुतारमामांनी केलेला. त्यांनी आयुष्यभर दारं-खिडक्या केल्या. पाडलेल्या एका वाड्याच्या तुळईचं जुनं सागवान त्यांच्याकडं पडून होतं. नातू ड्रम शिकतो, त्याच्या मोबाईलवर बघून त्यांनी २० पट्ट्या कापल्या, प्रत्येकीच्या दोन्ही कडा ९ अंशांत रंधल्या आणि पिंप बांधतात तसा गोल जोडून शेल केला. मग आतून-बाहेरून तासून १२ मिलिमीटर जाडीवर आणला. २० पट्ट्यांत पूर्ण गोल फिरायचा म्हणजे एका सांध्याला १८ अंश, दोन्ही पट्ट्यांत निम्मे निम्मे. हा हिशेब त्यांनी पत्र्याचा साचा कापून केला होता. मी शेलवरून नख फिरवलं. सांधा कुठंच अडकला नाही. लग, रिम आणि तारा लावायचा-सोडायचा खटका तेवढा बाजारातून आणलेला.

या तिन्हींत लाकडाच्या नावाहून मोठा फरक लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेनं धावतात यात आहे. प्लायच्या शेलमध्ये पातळ थर एकमेकांवर चिकटवून साच्यात गोल करतात. काही थरांच्या रेषा परिघावरून गोल फिरतात, त्यांच्या मधल्या थरांच्या उभ्या. अखंड फळी वाफेवर वाकवून केलेला शेलही असतो, त्यात सगळ्या रेषा गोल फिरतात. अमेरिकेतल्या स्लिंगरलँड कंपनीचा १९३०च्या दशकातला रेडिओ किंग असा होता, आणि वाकवलेलं लाकूड परत उघडायला बघू नये म्हणून त्याला आतून कडी बसवलेली असे. मेपलच्या जुन्या प्लाय शेलांत दिसणारी कडी हीच, तिथं ती पातळ शेलला आधार देते. पट्ट्या जोडून केलेल्या शेलमध्ये मात्र प्रत्येक रेष उभी असते, वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत. हे लक्षात ठेवा, जुलैत याचाच प्रश्न आला.

जाडीचंही सांगतो. पातळ शेल काठीबरोबर स्वतः थरथरतो, त्याचा स्वतःचा सूर खालचा असतो आणि तो आवाजात मिसळतो. जाड शेल ताठ राहतो आणि हेडचा आवाज पुढं ढकलतो. त्याचा सूर चढा असतो. शेलला सगळं सामान उतरवून दोन बोटांवर टांगावं आणि पोटावर टिचकी मारावी. बर्च 'ठुं' म्हणाला, सागवान 'टण्'.

आणि प्लाय घेताना एक काम न विसरता करायचं. बाजूला हवेसाठी छोटं भोक असतं, त्यातून थर दिसतात. बाहेरचा एक थर मेपलचा आणि आतले सगळे स्वस्त मऊ लाकडाचे, तरी खोक्यावर मेपल, असे ड्रम सर्रास विकले जातात. हेड काढून कड बघितली तर रंगाच्या फरकावरून लगेच कळतं. सांगलीच्या ड्रमचे थर आम्ही मोजले. वरपासून आतपर्यंत एकच रंग होता.

शाहू स्मारकात अर्धा तास

दुकानात दोन ड्रम वाजवून लाकडाचा फरक ऐकला असं सांगणाऱ्यानं बहुतेक वेळा हेडचा फरक ऐकलेला असतो. म्हणून तिन्हींना एकाच जातीचं नवं हेड घातलं: वर एकपदरी कोटेड, १० मिलचं म्हणजे पाव मिलिमीटरचं, खाली ३ मिलचं, बोट आरपार दिसेल असं. तारांची जाळी २० तारांची, एकच, तिन्हींवर काढून-घालून. काठ्या त्याच. मेच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा शाहू स्मारकात कार्यक्रम होता, साउंडचेकच्या आधीचा अर्धा तास आम्हाला मिळाला. मी शेवटच्या रांगेत पाठ करून बसलो. तो क्रम न सांगता वाजवत होता.

एक ड्रम पहिल्या चार ठोक्यांत ओळखू आला. टण्णकन् बोलला, आणि बोलून गप्प. खासबागेच्या कुस्तीच्या मैदानात हलगीवर काठी पडते तेव्हा छातीत जे होतं ते झालं. तो सागवान. जोरात वाजवताना त्याच्या जवळपास दुसरा कुणी नव्हता. बर्च नीटस होता: टोक स्वच्छ, खालचा थोडासा भार, मधला भाग मागं सरकलेला, शेपूट आखूड. मांडवासाठी आदर्श. पण काठी अर्ध्या इंचावरून सोडली की तारांची नुसती सळसळ माझ्यापर्यंत येत होती, ठोक्याचा सूर येत नव्हता. मेपल त्या दिवशी सगळ्यांत वाईट वाजला. एका जागी खरोखर बसका बोलत होता, जणू कुणी हेडवर तळवा ठेवलाय. पण मधोमध अगदी हळू वाजवलेले ठोके मात्र त्याच ड्रमचे सगळ्यांत स्पष्ट ऐकू आले. मी चिठ्ठीवर लिहिलं: 'दोन नंबर, दोष काढता आला तर हाच.'

मुलाचं मन सागवानावर बसलं होतं. बसणारच, आपल्या गावच्या वाड्याचं लाकूड, आपल्या माणसाच्या हातचं काम. खरं सांगायचं तर मीही हललो होतो. पैसे द्यायला आम्ही मामांकडं गेलो तर त्यांनी हातच पुढं केला नाही. "घिऊन जावा. वाजवा. आखाड बघा, मग पैशाचं बोलू."

जवारी आणि कड

मेपल त्यानं मेमध्येच घेतला. ९ हजार गेले, आणि दोष कुठं आहे हे शोधायची जागा त्याच्या रोजच्या कामाचीच होती.

मिरज इथून ५० किलोमीटरवर. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा कानसीनं घासतो, तार लावतो, ऐकतो, परत घासतो. केसभर फरकानं तंबोरा बोलतो किंवा मुका राहतो. स्नेअरची कड ही त्याच जातीची गोष्ट आहे: कातडं, आता प्लास्टिक, लाकडाला जिथं टेकतं ती रेषा. टोकदार ४५ अंशांची कड हेडला कमीत कमी ठिकाणी टेकते, आवाज उजळ आणि लांब. गोलसर कड जास्त ठिकाणी टेकते, आवाज उबदार आणि कोरडा. एकाच लाकडाचे दोन ड्रम वेगळ्या कडांमुळं जितके वेगळे वाजलेले मी ऐकलेत, तितकी दोन वेगळी लाकडं सारख्या कडेवर वेगळी वाजलेली ऐकली नाहीत.

रविवारी सकाळी वर्कशॉप बंद असताना मालकांनी चावी दिली. ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे मापासाठी अगदी सपाट केलेल्या फरशीवर, शेल उपडा ठेवला, वरची कड खाली. दिवे बंद केले आणि शेलच्या आत मोबाईलचा टॉर्च लावला. सगळीकडं अंधार, आणि तिसऱ्या-चौथ्या लगच्या मधे वीतभर लांब उजेडाची एक बारीक रेघ. त्यानं फिलर गेजची, म्हणजे फट मोजायची, पातळ पानं एकेक घालून बघितली. ०.२५चं पान आत गेलं, त्याच्या वरचं गेलं नाही. पाव मिलिमीटर. जिथं ड्रम बसका बोलत होता नेमकी तीच जागा.

मग शेल उलटा करून खालची कड ठेवली. तिथं समोरासमोर दोन ठिकाणी चांगला उजेड आला. तो घाबरला, मी म्हटलं, ही खोट नव्हे. तारांची जाळी खालच्या हेडला सपाट चिकटावी म्हणून खालच्या कडेला जाळीच्या दोन्ही टोकांशी मुद्दाम हलका उतार दिलेला असतो. या ड्रमवर तो मधोमध दीड मिलिमीटर होता आणि दोन्हीकडं हळूहळू मिटत जात होता. अनेक हौशी लोक ही कड 'सरळ' करायला जातात आणि उतार घासून टाकतात. मग तारा कायम बेसूर खडखडत राहतात आणि कशानंच सुधारत नाहीत. खालच्या कडेला आम्ही हात लावला नाही.

सरफेस प्लेटवर पेपर घासायला कुठलाही मालक देणार नाही, देऊही नये. जाड काचेचा एक तुकडा आणला, तो प्लेटवर तपासून घेतला, त्यावर १२० नंबरचा सँडपेपर चिकटवला. मेपलच्या वरच्या कडेवर पेन्सिलीनं गोल रेघ ओढली. शेल दोन्ही हातांनी धरून हलका दाब देत फिरवायचा, दर दहा-बारा फेऱ्यांनी पाव वळसा बदलायचा, म्हणजे हाताचा कल एकाच बाजूला पडत नाही. उंच जागांवरची पेन्सिल आधी गेली, खोलगट जागेवरची टिकून राहिली. ती शेवटची काळी रेघ जायला ४० मिनिटं लागली. त्यानंतर एक फेरीही जास्त नाही. मग २२० नंबरनं हातानं कडेला तिची मूळची गोलाई परत दिली, वरून मेणबत्ती फिरवली, म्हणजे हेड ताणताना कडेवर अडकत नाही.

हेड चढवलं. आधी खालचं, चांगलं ताणून. मग वरचं, समोरासमोरचे लग जोडीनं. प्रत्येक लगपासून इंचभर आत काठीनं टिचकी. तिसऱ्या आणि चौथ्या लगच्या मधे तो थांबला, परत वाजवलं, आणि माझ्याकडं बघून नुसता हसला. ड्रम दहाही ठिकाणी एकच सूर बोलत होता.

आखाड

जुलैच्या मध्यावर त्याचा फोन आला. "सर, सागवानाचं हेड निघंना झालंय." रिम सैल केली तरी हेड शेलवर घट्ट बसलेलं. ओढून काढलं. परत घातलं तर सूर लागेना. सहा लग ताणले जात होते, चार नुसतेच फिरत होते.

त्यानं मेमध्ये सवयीनं मापं घेऊन ठेवली होती, हे आमचं भाग्य. वर्कशॉपचा मोठा व्हर्निअर, म्हणजे बारीक मापाची मोजपट्टी, लावला. मेमध्ये सागवानाचा बाहेरचा व्यास ३५३.० मिलिमीटर होता, आता ३५४.४. शिवाय तीन दिशांनी मोजला तर एकमेकांत अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक, म्हणजे गोलही राहिला नव्हता. मेपलच्या मापात व्हर्निअरनं सांगण्यासारखा फरक पडला नव्हता. हेड शेलवर सैल बसावं, तरंगावं म्हणून चांगला शेल १४ इंचांहून म्हणजे ३५५.६ मिलिमीटरहून मुद्दाम थोडा लहान ठेवतात. ती जागा पावसानं खाल्ली होती.

आम्ही मामांकडं गेलो. त्यांनी शेल हातात फिरवला आणि स्वतःच्या दाराकडं बोट केलं. "लाकूड रुंदीला फुगतंय, लांबीला न्हाय. आखाडात दार घासतंय, वैशाखात फट पडती. ह्यात माझ्या सगळ्या पट्ट्या उभ्या हाईत, रुंदीनं शेजारी शेजारी. फुगणार कुठं? घेरातच की."

सगळं उत्तर यात आलं. लाकूड रेषांच्या लांबीत जवळजवळ बदलत नाही, रेषांना आडवं ते फुगतं आणि आक्रसतं. प्लायमध्ये घेरातून फिरणारे थर घेर वाढू देत नाहीत आणि उभे थर त्यांना चिकटून बांधलेले असतात. पट्ट्यांच्या शेलमध्ये घेर म्हणजेच आडवी दिशा. हिशेब केला: व्यास १.४ नं वाढला म्हणजे घेर ४.४ मिलिमीटरनं वाढला, २० पट्ट्यांत वाटला तर एका पट्टीला ०.२२. एका पट्टीकडं बघून हे कुणाच्या डोळ्याला दिसणार नाही. फुगवटा अर्धा टक्काही नाही. तेवढ्यानं ड्रम अडला.

कातड्याचे ड्रम असताना पावसाळ्याची अडचण कातड्याची होती. आपले हलगीवाले अजून शेकोटीवर हलगी शेकून ताण आणतात. १९५०च्या दशकात प्लास्टिकची हेडं आली आणि ड्रमवाले हवामान विसरले. शेल मात्र अजून लाकडाचाच आहे, आणि कोल्हापूरच्या पावसात तो लाकडासारखाच वागतो.

काय ठरलं

मेपल ठेवला. गणपतीत मांडवात माईकवर तो बर्चइतका टोकदार वाजला नाही, म्हणून आम्ही वरचं हेड थोडं चढवलं आणि आवाज पटकन थांबावा म्हणून हेडवर कडेशी जेलचा एक छोटा तुकडा लावला. साउंडवाल्यानं तक्रार केली नाही. उरलेल्या १६ हजारांत नवी जाळी, जादा हेडं, चांगला स्टँड आणि जाड अस्तराची बॅग आली, तरीही थोडे पैसे वाचले. नवरात्रानंतर शाहू स्मारकात पुन्हा कार्यक्रम झाला तेव्हा मी त्याच शेवटच्या खुर्चीवर बसलो. एका संथ गाण्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात तो काठी जेमतेम उचलत होता, आणि प्रत्येक ठोका सुरासकट माझ्यापर्यंत येत होता.

सागवान नापास झाला असं मी म्हणणार नाही. त्याच्यासारखा कडक आवाज मी या गावात दुसऱ्या ड्रममधून ऐकलेला नाही. मामा आता दुसरा शेल करतायत. खोडाच्या गाभ्याकडून सालीकडं जाणारी दिशा पट्टीच्या रुंदीत येईल अशा चिरेच्या पट्ट्या निवडल्यात, त्यानं फुगणं साधारण निम्म्यावर येतं. व्यास आणखी दीड मिलिमीटर कमी ठेवणार आहेत. पहिल्या शेलला पॉलिश फक्त बाहेरून होतं, आतलं लाकूड उघडंच. आता आतून, बाहेरून आणि कडेलाही देणार आहेत.

पहिला शेल त्यांच्या कामाच्या बाकाखाली टांगलेला आहे, सामान उतरवून. आतल्या बाजूला त्यांनी सुताराच्या जाड पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: वैशाख ३५३.०, आषाढ ३५४.४. खाली तिसरी ओळ मोकळी सोडली आहे. मार्गशीर्षात आम्ही व्हर्निअर घेऊन जाणार आहोत.